मॅनिफोल्डमधला काळा थर राखेचा नव्हे

प्रश्न : मी दीपनगरच्या वसाहतीत राहतो, नोकरी औष्णिक वीज केंद्रात. माझी डिझेल गाडी २०१७ च्या उन्हाळ्यात घेतलेली, बीएस-४. वर्षभरापासून ती चढाला ओढत नाही. उड्डाणपुलावरसुद्धा खालचा गिअर टाकावा लागतो, आणि जोरात रेस दिली की मागे काळा धूर. भुसावळच्या मिस्त्रींनी इनटेक मॅनिफोल्ड खोलला तर आत काळा, चिकट, जाड थर निघाला. शेजारी म्हणतात, ही आपल्याच चिमण्यांची राख. मिस्त्री म्हणतात, ‘ईजीआरला पत्रा मारून टाकू, मॅनिफोल्डमधल्या झडपाही काढून टाकू, पुन्हा त्रास नाही.’ खोलताना एका बोल्टचे आटे गेले आहेत आणि मॅनिफोल्डच्या एका कानाला तडा दिसतो आहे. गाडी तशीच उभी आहे. हा थर नेमका कशाचा? मिस्त्रींचं ऐकावं का? आणि मॅनिफोल्ड दुरुस्त होतो की नवाच घ्यावा?
— एक वाचक, दीपनगर

उत्तर : राख नाही. ही काजळी तुमच्या इंजिनाची आहे, आणि तिला चिकटपणा आला आहे तोही तुमच्याच इंजिनाच्या ऑइलमुळे. खात्री करायची असेल तर घरच्या घरी करता येईल. थरातला चिमूटभर ऐवज जुन्या लोखंडी पळीत घ्या आणि घराबाहेर, मोकळ्या जागी, खालून चांगली आच द्या. आधी ऑइलचा धूर निघेल. मग काळा भाग कडेकडेने लाल होत जळत जाईल आणि पळीत फारच थोडं उरेल. राख असती तर ती जवळजवळ होती तेवढीच राहिली असती, कारण ती भट्टीतून जळूनच बाहेर पडलेली असते. तुमच्या केंद्राच्या प्रयोगशाळेत राखेत न जळलेला कोळसा किती राहिला हे याच तत्त्वावर काढतात : नमुना तापवायचा आणि वजन किती घटलं ते पाहायचं.

राखेचा आणि तुमच्या गाडीचा संबंध नाही असं मात्र नाही. तो दिसतो एअर फिल्टरच्या बाहेरच्या अंगाला. फिल्टर काढून फरशीवर हलकेच आपटा, करडी भुकटी पडेल. त्यात रस्त्याची धूळ असते, आणि राखेच्या डंपरांच्या वाटेवर रोजचं जाणं-येणं असेल तर राखही असते. कोळशाची राख म्हणजे मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना, दोन्ही कठीण पदार्थ. फिल्टर धड असेल तर ती तिथेच अडते. पण फिल्टरच्या डब्याचं झाकण नीट बसलेलं नसेल किंवा फिल्टर ते टर्बो या पाइपाची क्लिप सैल असेल, तर ती थेट आत जाते आणि पिस्टनच्या रिंगा व लायनर घासून काढते. मॅनिफोल्डमध्ये करडी, बोटांत चुरचुरणारी भुकटी सापडली असती तर मी तुम्हाला तातडीने इंजिन तपासायला सांगितलं असतं. तुम्हाला सापडला तो काळा आणि चिकट थर. त्यामानाने हे दुखणं साधं आहे. तरीही दीपनगरात राहून कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या अंतरापर्यंत एअर फिल्टर ओढू नका. त्याच्या निम्म्यात बदला.

आता ही काजळी तिथे पोचते कशी? डिझेल गाडीत हवेची वाट अशी : एअर फिल्टर, टर्बो, इंटरकूलर, एक फ्लॅप, आणि मग इनटेक मॅनिफोल्ड. मॅनिफोल्ड ही हवा चारही सिलिंडरना वाटून देतो. त्याच्या तोंडाशी, फ्लॅपच्या आसपास, आणखी एक पाइप येऊन मिळतो. हा पाइप सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला काही भाग परत इंजिनात आणतो, आणि किती आणायचा ते ठरवणारा व्हॉल्व्ह म्हणजे ईजीआर. गाडी रमतगमत चालत असताना काही इंजिनांत आत जाणाऱ्या वायूचा तिसरा हिस्सा हा असा परतलेला धूर असतो.

एकदा बाहेर काढलेला धूर पुन्हा आत कशाला घ्यायचा? हे तुम्हाला चटकन कळेल, कारण तुमच्या बॉयलरमध्येही तोच प्रश्न आहे. हवेत नायट्रोजन असतोच. एरवी तो कशाच्या अध्यात-मध्यात नसतो, पण ज्वाळा साधारण पंधराशे अंशांच्या वर गेली की तो ऑक्सिजनशी झपाट्याने संयोग पावू लागतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक वीज केंद्रांनाही या ऑक्साइडांची मर्यादा घालून दिली. बॉयलरमध्ये हवा टप्प्याटप्प्याने देऊन ज्वाळेचा सगळ्यात तापलेला भाग थंड ठेवतात. गाडीच्या इंजिनात तेवढी जागा नसते. तिथे जळून गेलेला, ऑक्सिजन कमी असलेला धूर थोडा आत सोडतात. तो स्वतः जळत नाही, उष्णता मात्र शोषतो, आणि ज्वाळेचं शिखर खाली येतं.

ही मर्यादा कशी आवळत गेली ते आकड्यांत पाहा. डिझेल मोटारीला बीएस-३ मध्ये किलोमीटरमागे ०.५० ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड चालत होतं. बीएस-४ मध्ये ते ०.२५ झालं, आणि १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ मध्ये ०.०८. पुणे, मुंबई, सोलापूर या शहरांत बीएस-४ आधीच आलं होतं. आपल्या जळगाव-धुळ्याकडे १ एप्रिल २०१७ ला, सगळ्या देशाबरोबर आलं. म्हणजे तुमची गाडी या भागातल्या पहिल्या बीएस-४ गाड्यांपैकी आहे. तिच्या मॅनिफोल्डमधला थर हा त्या ०.५० वरून ०.२५ वर येण्याची किंमत आहे, असं म्हणायला हरकत नाही.

नुसती काजळी कोरडी असते, बरीचशी उडून जाते. पण इंजिनाच्या पोटात पिस्टनच्या बाजूने थोडा दाब खाली निसटतो आणि ऑइलची बारीक वाफ घेऊन ब्रीदरच्या नळीतून टर्बोच्या तोंडाशी येतो. ही वाफ आणि काजळी मॅनिफोल्डमध्ये एकमेकांना भेटतात. ग्रीसमध्ये काजळ कालवावं तसं ते मिश्रण भिंतीला धरतं, वरून आणखी धरतं, आणि वर्षांमागून वर्षं घट्ट होत जातं. पेट्रोलच्या पुष्कळ गाड्यांत व्हॉल्व्हच्या मागेच पेट्रोलचा फवारा बसतो, त्याने ही जागा धुतली जाते. डिझेलचा फवारा थेट सिलिंडरमध्ये, त्यामुळे इथे धुणारं कोणी नाही.

गाडी ओढत का नाही, याचं गणित सोपं आहे. ४० मिलिमीटर व्यासाच्या वाटेला आतून चौफेर ६ मिलिमीटरचा थर बसला तर २८ मिलिमीटर उरतात. व्यास तीनदशांशाने कमी झाला, पण हवा जाते क्षेत्रफळातून, आणि ते निम्म्याहूनही कमी राहिलं. डिझेल तेवढंच पडतं, हवा अपुरी, म्हणून काळा धूर. त्या धुरातला काही भाग पुन्हा ईजीआरमधून आत. थर जितका वाढतो तितकी नवी काजळी जास्त, असं हे चक्र आहे.

यात दीपनगरचा वाटा आहे तो चिमण्यांचा नाही, तुमच्या फेऱ्यांचा. वसाहतीतून गेटवर, गेटवरून वसाहतीत, आणि फार तर भुसावळचा बाजार. एवढ्या अंतरात डिझेल इंजिन पुरतं गरम होत नाही. हलक्या रेसवर ईजीआर जास्तीत जास्त उघडा असतो आणि थंड भिंतीवर ऑइलची वाफ पटकन जमते. महामार्गावरून आठवड्याला एकदा मुक्ताईनगर किंवा जळगावच्या पुढेपर्यंत मोठ्या गिअरमध्ये, चांगल्या वेगाने गाडी नेली तर नवा थर बसायचा वेग कमी होतो. मात्र बसलेला थर त्याने जळून जातो, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. काजळी जळायला सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. मॅनिफोल्डमध्ये इंटरकूलरमधून थंड होऊन आलेली हवा असते आणि ईजीआरचा धूरही कूलरमधून निवूनच येतो.

आणखी एक गोष्ट मे महिन्यात ध्यानात ठेवा. पंचेचाळीस अंशांना हवा विरळ असते, वीस अंशांच्या मानाने सुमारे आठ टक्के. भुसावळच्या उन्हाळ्यात गाडी थोडी मंद वाटली म्हणून लगेच मॅनिफोल्ड खोलायला धावू नये. हे तुमच्यासाठी नाही, तुमची गाडी वर्षभर कुरकुरते आहे. पण हे वाचून गॅरेजकडे निघालेल्या इतरांना सांगतो : मॅनिफोल्ड ही शेवटी खोलायची जागा आहे. आधी फिल्टर पाहा. मग टर्बो ते इंटरकूलर आणि पुढचा रबरी होज हाताने दाबून, वाकवून पाहा. जोडावर ओलसर ऑइलचा डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली असेल तर हवा तिथून फुटते आहे. होज फुटला की ताकद एकदम जाते आणि फुस्स आवाज येतो. मॅनिफोल्ड तुंबला तर ताकद महिनोन्‌महिने हळूहळू उतरते. त्यानंतर मॅनिफोल्डवर बसवलेला हवेच्या दाबाचा सेन्सर काढा. बहुतेक गाड्यांत तो एका-दोन स्क्रूंवर असतो. त्याचं टोक काजळीने बुजलं असेल तर कॉम्प्युटरला दाबाचं खोटं माप मिळतं. सेन्सरसाठीच्या क्लीनरने ते धुऊन, वाळवून परत लावलं आणि गाडी सुधारली, असं होतं. काडी किंवा पिन मात्र त्यात घालू नये.

आता तुमच्या मिस्त्रींच्या पहिल्या सल्ल्याकडे येतो. ईजीआरला पत्रा मारण्याचा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो आणि तो वाईट हेतूने दिलेला नसतो. पत्रा मारला की मॅनिफोल्डमध्ये काजळी जाणं थांबतं, काळा धूर घटतो, गाडी तरतरीत वाटते. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराचा फक्त दाटपणा मोजतात, त्यामुळे अशी गाडी पीयूसीत उलट जास्त सहज पास होते. नायट्रोजन ऑक्साइड तिथे मोजत नाहीत आणि डोळ्यांना ते दिसत नाही. हाच या सल्ल्यातला घोटाळा आहे. जे कमी झालं ते दिसतं आणि जे वाढलं ते दिसत नाही. वाढलेल्या वायूचा पुढे उन्हात ओझोन होतो, आणि ऊन आपल्याकडे काही कमी नाही. दम्याच्या माणसाला आणि लहान मुलांना त्याचा त्रास आधी होतो. ज्या वसाहतीत आधीच हवेबद्दल एवढी चर्चा चालते, तिथल्या माणसाने आपल्या गाडीतून ही भर घालू नये, असं मला मनापासून वाटतं.

हा मोह मोठमोठ्यांना पडलेला आहे. फोक्सवॅगनचं प्रकरण सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीला आलं, त्याचं मूळ इथेच होतं. चाचणी चालू आहे हे ओळखणारी युक्ती गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. चाचणीत ईजीआर हवा तेवढा चालायचा, रस्त्यावर कमी. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने या गाड्या तपासल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचं जाहीर केलं. सॉफ्टवेअरने जे केलं तेच पत्र्याचा तुकडा करतो, तोही कायमचा.

कायद्याच्या अंगानेही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली, हवा प्रदूषणाची मानकं मोडणारी गाडी चालवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि लायसन्सही तीन महिने जातं. शिवाय बीएस-४ गाडीचा कॉम्प्युटर ईजीआरच्या धुराचा हिशेब ठेवतो. हिशेब जमला नाही की चेक इंजिनची लाइट लागते आणि काही गाड्या स्वतःहून ताकद कमी करून घेतात. मग ती लाइट घालवायला आणखी पैसे. त्यापेक्षा ईजीआर व्हॉल्व्ह आणि त्याचा कूलर या निमित्ताने काढून साफ करून घ्या. व्हॉल्व्ह हाताने सहज उघडून पूर्ण मिटत नसेल तर बदला. तो अर्धवट उघडा अडकला असेल तर मॅनिफोल्ड धुऊनही पुन्हा तेच होईल.

झडपांचं काय? काही डिझेल इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला हवेच्या दोन वाटा असतात आणि एकीवर फुलपाखरासारखी झडप असते. कमी रेसवर ती वाट मिटते, सगळी हवा दुसरीतून जोरात जाते आणि सिलिंडरमध्ये भोवरा धरते, म्हणजे डिझेल नीट मिसळतं. काजळीने झडप जड होते, तिला हलवणारी मोटर किंवा प्लास्टिकची कडी झिजते, आणि स्कॅनरवर पी-२०१५ सारखा कोड येतो. काही परदेशी इंजिनांत जुन्या झडपांचे तुकडे तुटून सिलिंडरमध्ये गेले, पिस्टन आणि हेडचं वाटोळं झालं. तेव्हापासून ‘काढूनच टाका’ हा सल्ला पसरला. माझं मत असं : झडपेच्या दांड्याला हाताने हलवून पाहा. दांडा बुशात खडखडत असेल किंवा झडपेचा पत्रा दांड्यावर सैल असेल तर ती गाडीत परत जाताच कामा नये. तिथे नवा मॅनिफोल्डच हवा. घट्ट असेल आणि फक्त काजळीने अडत असेल तर साफ करून ठेवा. नुसती काढून भोकं बुजवली तर कमी रेसवरची ओढ जाते, आणि तुमची गाडी तर कमी रेसवरच चालते.

तडा आणि आट्यांचं उत्तर मॅनिफोल्ड कशाचा आहे यावर आहे. ॲल्युमिनियमचा असेल तर कानाचा तडा आर्गन वेल्डिंगने भरून निघतो. जळगाव-भुसावळच्या लेथ वर्कशॉपमध्ये हे काम करणारे कारागीर मिळतील. वेल्डिंगच्या आधी धातू तेलाचा अंश न ठेवता धुतलेला हवा, आणि नंतर बसण्याच्या पृष्ठावर फेसिंग करून घ्यायला हवं, कारण उष्णतेने तो किंचित वाकतो. सरळ पट्टी लावून खालून फीलर गेज सरकतं का ते समोर उभं राहून पाहा. प्लास्टिकचा असेल तर जोडायच्या भानगडीत पडू नका. एम-सीलसारखा लांबी-गोळा बाहेरून छान बसलेला दिसतो, पण टर्बोचा दाब आणि इंजिनाची उष्णता यांत तो सुटतो, आणि आतल्या बाजूचा तुकडा सुटला की तो कुठे जाणार हे सांगायला नको.

आटे हेडमधले गेले असतील तर हेलिकॉइल बसवून घ्या. भोक थोडं मोठं करून, नवे आटे पाडून त्यात स्टीलच्या तारेची स्प्रिंग बसवतात. नीट केलं तर मूळच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा ते मजबूत होतं. या कामात एकच पथ्य जिवापाड पाळायचं : टॅपला ग्रीस लावायचं म्हणजे बुरा त्यात चिकटेल, आणि शेजारची सगळी पोर्टं बुजवलेली हवीत.

साफ करण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नुकसान बहुधा इथे होतं. गाडी खोलून उभी आहे म्हणता, तर आधी हेडच्या पोर्टांकडे पाहा. ती आत्ता उघडी असतील तर आजच स्वच्छ, तंतू न सुटणाऱ्या फडक्यांचे बोळे त्यांत बसवा. बोळ्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवा आणि बोळे मोजून ठेवा. परत बसवताना तेवढेच निघाले पाहिजेत. एखादा वॉशर पोर्टात पडला आणि व्हॉल्व्ह उघडा असला, तर पहिल्याच स्टार्टला इंजिन जातं. पोर्टातली काजळी खरवडायची असेल तर इंजिन हाताने, नेहमीच्या दिशेनेच फिरवून त्या सिलिंडरचे इनटेक व्हॉल्व्ह मिटलेले आहेत याची खात्री करून घ्या आणि सुटलेला चुरा व्हॅक्यूमने ओढून घ्या. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. ती चुरा आत ढकलते.

मॅनिफोल्ड गाडीबाहेर काढलेला आहे तर तो डिझेलमध्ये रात्रभर भिजवून, ब्रशने, मग साबणाच्या गरम पाण्याने धुवा. सेन्सर, मोटर आणि रबरी पॅकिंगं आधी काढून ठेवा. बाजारात मिळणारा कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला कधीही लावू नका. तो काजळीबरोबर धातूही खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो, तो पेट घेतो. पेट्रोलनेही धुऊ नका. धुतल्यावर आतल्या कोपऱ्यांत पाणी किंवा डिझेल अजिबात राहता कामा नये. आपल्या उन्हात एक दुपार पालथा ठेवलात तर वाळेल.

काही इंजिनांत मॅनिफोल्डच्या आड कॉमन रेलचे पाइप येतात. तुमच्या मिस्त्रींनी ते काढले असतील तर त्यांची तोंडं टोपणांनी बंद आहेत ना, ते पाहा. त्या पाइपांत चालू इंजिनात सोळाशे बारपर्यंत दाब असू शकतो. इंजेक्टरला डोळ्याला न दिसणारा धुळीचा कणही पुरतो, आणि पुष्कळ कंपन्या हे पाइप एकदा सैल केले की नवेच लावायला सांगतात. इंजिन सुरू केल्यावर गळती बोटाने चाचपून पाहू नये. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आत मात्र बोट गमवायची पाळी येते. असं झालं तर तडक हॉस्पिटल, आणि डॉक्टरांना ‘दाबाचं डिझेल आत गेलंय’ हेच शब्द सांगा.

बसवताना गॅस्केट नवं. जुन्यावर सिलिकॉन पेस्ट थापून वेळ मारून नेऊ नये, जास्तीची पेस्ट आत दाबली जाऊन सुटते. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्याकडे, दोन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला. हाताच्या अंदाजाने आवळल्यामुळेच ॲल्युमिनियममधले आटे जातात. शेवटी स्कॅनर लावून ईजीआरची जुनी नोंद कॉम्प्युटरमधून पुसून नव्याने शिकवून घ्या. नाही तर तो तुंबलेल्या वाटेच्या हिशेबानेच चालत राहील आणि इतकं करूनही गाडी तितकीच मंद, असं तुम्हाला वाटेल. ऑइल बदलताना डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर भरू देऊ नका. जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून मॅनिफोल्डमध्येच येतं.

प्रश्न : आमच्याकडे धुळ्याला वडिलांची जुनी जीप वीस वर्षं वडापला चालली. तिचा मॅनिफोल्ड कधी धुतल्याचं आठवत नाही. मग नव्या गाड्या कच्च्या म्हणायच्या का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : कच्च्या नाहीत. त्या काळच्या महिंद्र जीपमध्ये प्यूजोच्या धर्तीचं एक्सडीपी इंजिन असायचं, ट्रॅक्समध्ये मर्सिडीजच्या ओएम-६१६ च्या कुळातलं. बहुतेकांना टर्बो नाही, ईजीआर नाही, पंप यांत्रिक. मॅनिफोल्डमध्ये फिल्टरमधून आलेली हवा आणि थोडी ऑइलची वाफ, बस. काजळी आत परतत नव्हती, ती सगळी मागे बसलेल्या पॅसेंजरच्या आणि रस्त्याकडेच्या टपरीवाल्याच्या छातीत जात होती.

प्रश्न : मॅनिफोल्ड न खोलता, चालू इंजिनात स्प्रे मारून कार्बन काढून देतात. उपयोग होतो का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : पातळ, ताज्या थराला थोडा. घट्ट बसलेल्या थराला नाही. आणि डिझेल गाडीत यात खरा धोका आहे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवेबरोबर जे जळण्याजोगं आत येईल ते दाबाने पेटतं. स्प्रे जास्त गेला किंवा इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइल त्याच्याबरोबर ओढलं गेलं, तर इंजिन त्यावरच पळू लागतं. रेस वाढतच जाते, आणि चावी बंद करूनही थांबत नाही, कारण ते आता डिझेलवर चालतच नसतं. द्रव एकदम पुष्कळ गेला तर तो दाबला जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून स्प्रे करायचाच असेल तर डिझेलसाठी बनवलेला, डब्यावर लिहिलेल्या मापानेच, टर्बोच्या पुढून, आणि जाणत्या माणसाकडून. गिअरची गाडी अशी सुटलीच तर घाबरून बॉनेटवर वाकू नका. आसनावर बसा, ब्रेक पूर्ण दाबा, हँडब्रेक ओढा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच एकदम सोडा. इंजिन गुदमरून बंद पडेल. समोर कोणी उभं असेल तर त्याला आधी बाजूला व्हायला सांगा.